कब्ज्याची भीती, हिशेबातली गफलत

घर भाड्याने द्यायचा विषय निघाला की मराठी मध्यमवर्गीय घरात पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘आणि तो उठलाच नाही तर?’ पुण्यात, ठाण्यात, नाशिकमध्ये कितीतरी फ्लॅट या एका प्रश्नापायी कुलूप लावून पडले आहेत. मालक दर महिन्याला मेंटेनन्स भरतो, दिवाळीआधी एकदा जाऊन जळमटं काढतो आणि पुन्हा कुलूप घालून येतो. दुसरीकडे असाही मालक भेटतो, जो सगळं एजंटवर सोपवून कागद न वाचता सही करतो आणि चार-पाच वर्षांनी ‘घरात पैसे घालून काही सुटलं नाही’ म्हणून कुरकुरतो. पहिला जुन्या कायद्याला भितो, दुसऱ्याने नवा कायदा वाचलेलाच नाही.

पहिल्याची भीती मात्र हवेतून आलेली नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली. गिरगाव-दादरच्या चाळींत पुढची कित्येक दशकं लोक किरकोळ भाड्यात राहिले आणि मालकांनी दुरुस्तीवरून हात काढून घेतला. यातून वाट काढायला ‘लिव्ह अँड लायसन्स’चा कागद पुढे आला: हा भाडेकरू नाही, आम्ही याला फक्त राहायची परवानगी दिली आहे. मग १९७३ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर राहणारे लोक संरक्षित भाडेकरू ठरले. ज्या घरांत हे घडलं त्यांच्या पुढच्या दोन पिढ्यांनी भाडेकरूचं नाव काढलं नाही, यात नवल ते काय! भाडी गोठवणाऱ्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्या आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात १९९७ च्या डिसेंबरात सांगितलं. त्यानंतर आला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे आणि आज भाड्याने घर देणाऱ्याचा सगळा व्यवहार त्याच्याच आधाराने चालतो.

या कायद्याचं २४ वं कलम प्रत्येक छोट्या घरमालकाने एकदा तरी वाचावं. राहण्यासाठी लिव्ह अँड लायसन्सवर दिलेल्या घराची मुदत संपली आणि राहणारा निघाला नाही, तर मालकाला नेहमीच्या दिवाणी दाव्याच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. त्याने ‘सक्षम प्राधिकाऱ्या’कडे अर्ज करायचा. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत राहणाऱ्याने शपथपत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मिळवली नाही, तर त्याला अर्जाला विरोधही करता येत नाही. मुदतीनंतर तो जितके दिवस घर अडवेल, तितक्या दिवसांचे ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने पैसे भरायची जबाबदारी त्याच्यावर येते. शिवाय लेखी करारात जे लिहिलं आहे, तोच त्या गोष्टीचा निर्णायक पुरावा मानला जातो. मालकाच्या हातात याहून धारदार हत्यार कुठल्याच जुन्या कायद्याने दिलं नव्हतं. प्रत्यक्षात निकालाला आणि अंमलबजावणीला वेळ लागतो हे खरं, पण पागडीच्या काळातली धास्ती आजच्या फ्लॅटला लावणं हे मागच्या शतकातल्या तापावर आज औषध घेण्यासारखं आहे.

अट एकच, कागद पक्का हवा. ५५ वं कलम सांगतं की करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा, आणि ती नोंदणी करायची जबाबदारी मालकाची आहे, भाडेकरूची नव्हे. नोंदणी केली नाही आणि वाद झाला, तर भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात. त्या तशा नव्हत्या हे मालकाने सिद्ध करायचं. शिवाय नोंदणी न केल्याबद्दल तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षाही कायद्यात आहे. तरीही ‘ओळखीतला आहे, स्टॅम्पपेपरवर नोटरी करून टाकू’ हे वाक्य आजही सर्रास ऐकू येतं. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. आणि ओळखीतल्या माणसाशी बिनसलं की ते अनोळखी माणसापेक्षा जास्त बिनसतं.

मग अकरा महिन्यांचं काय? वर्षाहून मोठ्या मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी केंद्रीय नोंदणी कायद्याने सक्तीची, म्हणून ती चुकवायला देशभर अकरा महिन्यांची प्रथा पडली. महाराष्ट्रात मुदत कितीही असो, नोंदणी करावीच लागते. त्यामुळे अकरा महिन्यांच्या करारातून इथे काहीच वाचत नाही. मुद्रांक शुल्काचा सवलतीचा दर ६० महिन्यांपर्यंतच्या करारांना मिळतो. दोन-तीन वर्षं राहणार हे नक्की असलेल्या चांगल्या कुटुंबाशी दर अकरा महिन्यांनी नवा करार, नवा एजंट, नवा खर्च हा खेळ कशासाठी? २२ किंवा ३३ महिन्यांचा करार करावा, त्यातच दरवर्षीची भाडेवाढ लिहावी. मात्र अगदी अनोळखी माणसाशी पहिला करार छोटाच बरा. २४ व्या कलमाची वाट मुदत संपल्यावर मोकळी होते. पाच वर्षांची मुदत लिहून दिली आणि सहाव्या महिन्यात पटेनासं झालं, तर गुंता वाढतो.

खर्चाची तर सबबच नाही. शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, त्यात परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने काल्पनिक व्याज धरायचं. महिना १८ हजार भाडं, ५४ हजार डिपॉझिट, अकरा महिने मुदत: भाड्याचे १,९८,००० आणि व्याजाचे ४,९५०, मिळून २,०२,९५०. त्यावर शुल्क येतं पाचशेच्या जरा वर. शहरात नोंदणी फी एक हजार. दुय्यम निबंधक कार्यालयात जावंही लागत नाही. राज्याच्या नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर मसुदा भरायचा आणि आधारच्या बायोमेट्रिकवर घरबसल्या अंगठे द्यायचे. यासाठी अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येणारे एजंट प्रत्येक उपनगरात आहेत. ज्येष्ठांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात, मशीन घेत नाही. मग एकेक बोट पुसून, हात चोळून पुन्हा लावावं लागतं, एवढाच काय तो त्रास. या गडबडीत मसुदा वाचायचा मात्र राहून जातो. एजंटच्या लॅपटॉपमध्ये मागच्या गिऱ्हाइकाचा नमुना असतो. त्यातला नोटीस पिरियड, लॉक-इन आणि मीटर नंबर तसाच उतरलेला सापडतो. अंगठा देण्यापूर्वी निदान चार गोष्टी बोट ठेवून वाचाव्यात: मिळकतीचा पत्ता, मुदतीच्या तारखा, डिपॉझिटची रक्कम आणि ती कशी मिळाली, आणि किती दिवसांच्या नोटिशीवर कोणाला करार मोडता येईल.

करार झाला की त्याची प्रत सोसायटीला द्यावी आणि भाडेकरूची माहिती पोलिसांना. पुणे आणि मुंबई पोलिसांकडे ती ऑनलाइन भरता येते. भाडेकरू परदेशी विद्यार्थी असेल तर २४ तासांत त्याच्या वास्तव्याची माहिती ऑनलाइन फॉर्मवर कळवावी लागते; विमाननगर-सिम्बायोसिस परिसरातल्या मालकांनी हे विसरू नये. सोसायटीने यावर ‘बिनभोगवटा शुल्क’ मागितलं तर ते द्यावं, पण मोजून. राज्य सरकारच्या १ ऑगस्ट २००१ च्या परिपत्रकाने त्याला सेवाशुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा घातली आहे, आणि सेवाशुल्क म्हणजे मेंटेनन्सची संपूर्ण रक्कम नव्हे, महापालिकेचे कर त्यात येत नाहीत. मेंटेनन्स तीन हजार आणि त्यात सेवाशुल्क दोन हजार असेल, तर हे शुल्क दोनशे रुपये. घरात मालकाचे आईवडील किंवा मुलगा-मुलगी राहत असतील तर तेही नाही. एवढ्यावरून कमिटीशी वर्षभर भांडत बसण्यापेक्षा परिपत्रकाची प्रत सचिवांच्या हातात ठेवली की बहुतेक ठिकाणी विषय संपतो.

इथवर कब्ज्याची बाजू झाली. खरा तोटा होतो तो खरेदीच्या दिवशी, ‘हप्ता भाड्यातून निघेल’ या वाक्यावर विश्वास ठेवल्यामुळे.

समजा, पुण्यात ६० लाखांचा वन बीएचके घेतला. मुद्रांक शुल्क ७ टक्के म्हणजे ४ लाख २० हजार, नोंदणीचे ३० हजार. घर पडलं साडेचौसष्ट लाखांना. ४५ लाखांचं कर्ज, व्याज साडेआठ टक्के, मुदत २० वर्षं: हप्ता ३९ हजारांच्या आसपास. भाडं येणार १८ हजार. पण ते बारा महिने येत नाही. एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत महिना तरी जातो. हाती राहिले १,९८,०००. मेंटेनन्सचे वर्षाला ३० हजार, मिळकतकराचे १२ हजार, दुरुस्ती आणि रंगाचे १५ हजार, एजंटला दर दोन वर्षांनी एक भाडं म्हणजे वर्षाला ९ हजार. सगळं वजा जाता १ लाख ३२ हजार उरतात, महिन्याला ११ हजार. घातलेल्या रकमेवर हे जेमतेम दोन टक्के झाले. हप्त्यात दर महिन्याला २८ हजार खिशातून घालावे लागतील. घराची किंमत वाढेल, हा या व्यवहारातला खरा जुगार आहे; भाडं ही त्याच्यासोबत मिळणारी छोटी भरपाई. हे माहीत असून घेतलं तर ठीक. बिल्डरच्या साइट ऑफिसातल्या कागदावर मात्र हप्ता आणि भाडं शेजारीशेजारी लिहिलेलं असतं, मधले खर्च नसतात. पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्या मालकाला मिळकतकरात ४० टक्के सवलत देते, घर भाड्याने दिलं की ती जाते, हेही त्या कागदावर नसतं.

वडिलोपार्जित किंवा कर्ज फिटलेलं घर ज्यांच्याकडे आहे त्यांचं गणित वेगळं. त्यांना हप्ता नाही. त्यांचा शत्रू रिकामा महिना. अठरा हजारांचं घर वीस हजारांची आशा धरून दोन महिने रिकामं ठेवलं, तर ३६ हजार गेले. वाढीव दोन हजारांतून ते भरून निघायला दीड वर्ष लागतं. तोवर भाडेकरू निघूनही गेलेला असतो. वेळेवर पैसे टाकणाऱ्या आणि नळ गळला तर स्वतः प्लंबर बोलावणाऱ्या भाडेकरूला करार वाढवताना पाचशे रुपये कमी वाढ सांगणारा मालक हिशेबी असतो, भोळा नव्हे.

‘फक्त फॅमिली, फक्त व्हेज, बॅचलर नकोत’ ही पाटीही याच हिशेबात तपासावी. हिंजवडी, खराडी, बाणेर इथे घर शोधणारे बहुसंख्य तरुण नोकरदार. त्यांना वगळलं की गिऱ्हाइकी आधीच निम्म्यावर येते. पगाराची स्लिप, कंपनीचं ओळखपत्र, आधीच्या घरमालकाचा फोन नंबर, या तीन गोष्टींतून माणसाबद्दल जे कळतं ते आडनावावरून कळत नाही. आधीच्या मालकाला फोन करण्याचे कष्ट शंभरातले किती जण घेतात देव जाणे, पण पाच मिनिटांच्या त्या फोनइतकी स्वस्त चौकशी दुसरी नाही. उलट दिशेनेही सावध राहावं. जाहिरात टाकल्यावर ‘मी लष्करात आहे, बदली झाली आहे, घर न बघताच डिपॉझिट पाठवतो’ म्हणणारा माणूस क्यूआर कोड पाठवतो आणि तो स्कॅन करायला सांगतो. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिन टाकावा लागत नाही. तिथेच फोन ठेवावा.

डिपॉझिटवरून होणारी भांडणं ही भाड्याच्या व्यवहारातली सगळ्यात हमखास आणि सगळ्यात टाळता येण्यासारखी. किल्ली देण्याच्या दिवशी मालक आणि भाडेकरू दोघांनी मिळून घरातून एक फेरी मारावी. पंखे किती, ट्यूब किती, गिझर चालतो का, बेसिनला तडा आहे का, बाल्कनीच्या स्लायडिंगचं चाक अडकतं का, मॉड्युलर किचनच्या ट्रॉल्या नीट सरकतात का. चालताना मोबाइलवर व्हिडिओ घ्यावा, भिंतींचे कोपरे आणि सिंकच्या खालचा कप्पा त्यात यावा. ओल तिथेच दडलेली असते. विजेच्या मीटरचा आणि पाइप गॅसच्या मीटरचा फोटो त्या दिवशीच्या रीडिंगसह काढावा. मग यादी कागदावर दोघांच्या सहीने, आणि व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर भाडेकरूला. घर सोडताना हीच यादी हातात घेऊन पुन्हा तीच फेरी. रंग उडणं, नळाची वॉशर झिजणं ही वापराची झीज; ती मालकाची. फुटलेली काच भाडेकरूची. रंगासाठी सरसकट एक भाडं कापायचं असेल तर ते करारातच लिहावं. शेवटच्या दिवशी तोंडी सांगितलं की भांडण ठरलेलं.

मुंबई-ठाण्यात ‘हेवी डिपॉझिट’ची पद्धत आहे: भाडं नाही किंवा नावापुरतं, त्याऐवजी काही लाखांची रक्कम एकदम. मालकाला ते पैसे हातात पडल्यासारखे वाटतात आणि तो ते मुलीच्या लग्नात किंवा दुकानात घालतो. मुदत संपल्यावर रक्कम एकरकमी परत करायची असते. ती नसेल तर घर सोडत नाही म्हणणाऱ्या माणसाला दोष देता येत नाही. ही रक्कम मुदत ठेवीत ठेवायची शिस्त नसेल तर या वाटेला जाऊच नये.

फ्लॅटवाल्यांपेक्षा खोल्यावाल्यांचं जग निराळं. भोसरी, चाकण, रांजणगावला एमआयडीसीतल्या कामगारांना खोल्या देणारे. सदाशिव पेठ, नारायण पेठेत एमपीएससीच्या मुलांना कॉट बेसिसवर जागा देणारे. गुंतवलेल्या पैशावर इथे फ्लॅटपेक्षा बरं उत्पन्न निघतं, पण राबणूकही तेवढीच. वादाचं मूळ बहुतेक वेळा विजेचं मीटर. चार खोल्या एका मीटरवर असल्या की प्रत्येकाचा वापर ७०-८० युनिट असूनही एकत्रित बेरीज तीनशेच्या आसपास जाते. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. स्वतंत्र मीटर असता तर पहिल्या, स्वस्त टप्प्यात बसणारा कामगार इथे वरच्या टप्प्यांचा दर भरतो. मालक सबमीटर लावून सरसकट दर आकारतो, भाडेकरूला वाटतं तो लुटतोय. प्रत्येक खोलीला महावितरणचं वेगळं मीटर घ्यायला सुरुवातीला खर्च येतो, पण रोजची कटकट जाते. आणि खोल्या बांधण्यापूर्वी परवानगी. पिंपरी-चिंचवडमध्ये अनधिकृत बांधकामांवरच्या शास्तीकराने हजारो घरमालकांच्या डोक्यावर वर्षानुवर्षं थकबाकी साचली होती. तो २०२३ मध्ये माफ झाला, पण माफीच्या भरवशावर भिंती उभारू नयेत.

भाडं थकलं तरी वीज-पाणी तोडायचं नाही, कुलूप बदलायचं नाही, सामान बाहेर काढायचं नाही. कायद्याची वाट सोडून बाहेर काढलेला माणूस सहा महिन्यांत दावा लावून ताबा परत मागू शकतो, आणि चांगल्या कागदावर उभा असलेला मालक एका रात्रीत आरोपी होऊन बसतो. एक भाडं थकलं की लेखी विचारणा, दुसरं थकलं की वकिलाची नोटीस. डिपॉझिट संपण्याच्या आत हे सगळं उरकलेलं असावं. भाडं बँकेतच घ्यावं म्हणजे थकबाकी सिद्ध करायला पासबुक पुरे.

बँकेत घेतलं की कर लागेल, ही शंका येते. कर लागतो, पण वाटतो तेवढा नाही. वर्षाचं भाडं २,१६,०००. भरलेला मिळकतकर १२ हजार वजा. उरलेल्या २,०४,००० पैकी ३० टक्के म्हणजे ६१,२०० सरसकट वजावट. करपात्र रक्कम १,४२,८००. ही ३० टक्के वजावट एक रुपया खर्च केला नाही तरी मिळते आणि दोन लाख खर्च केले तरी तेवढीच मिळते, त्यामुळे रंगाऱ्याची बिलं जपून ठेवण्यात अर्थ नाही. भाड्याच्या घरावरच्या कर्जाचं व्याजही वजा होतं. लपवण्यात तर मुळीच अर्थ नाही: भाडेकरू नोकरीत घरभाडे भत्त्याची सवलत घेत असेल आणि वर्षाचं भाडं लाखाच्या वर असेल, तर तो मालकाचा पॅन कंपनीला देतोच. दोन घरं स्वतःच्या वापरासाठी म्हणून करमुक्त दाखवता येतात. तिसरं कुलूपबंद ठेवलं तरी त्यावर काल्पनिक भाडं धरून कर बसतो. कुलूप लावून बसलेल्या मालकांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

परदेशी गेलेल्या मुलाच्या नावावर कोथरूडला किंवा डोंबिवलीत फ्लॅट आणि तो सांभाळतात आईवडील, ही आता घरोघरची गोष्ट. इथे नियम बदलतो. मालक अनिवासी असेल तर भाडं कितीही कमी असो, भाडेकरूने कर कापूनच द्यायचा असतो, उपकर धरून ३१.२ टक्के. निवासी मालकाच्या बाबतीत भाडेकरूला हा व्याप महिना ५० हजारांच्या पुढेच असतो आणि दर २ टक्के, म्हणून बहुतेक भाडेकरूंना हे ठाऊकच नसतं. भाडं आईच्या खात्यात घेऊन हा प्रश्न सुटत नाही, उत्पन्न ज्याच्या नावावर घर त्याचंच. मुलाच्या एनआरओ (अनिवासींसाठीच्या) खात्यात भाडं घ्यावं, करारात त्याचं अनिवासी असणं स्पष्ट लिहावं आणि भाडेकरूला करकपातीची कल्पना सुरुवातीलाच द्यावी. मुलाचं भारतातलं एकूण उत्पन्न करमर्यादेखाली असेल, तर कमी दराने कपात करण्याचं प्रमाणपत्र आयकर विभागाकडून मिळतं. ते त्या-त्या आर्थिक वर्षापुरतंच असतं, म्हणून अर्ज एप्रिलमध्येच केलेला बरा. नाहीतर तेवढे महिने कापलेल्या पैशासाठी विवरणपत्र भरून परताव्याची वाट बघत बसावं लागतं.